मामींच्या पातेल्यातला व्हॉल्व

माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांना अजून कुणी कळवलेली नाही. उंब्रजपासून थोडं आत त्यांचं गाव आहे. त्या घरात चहासुद्धा वेळेवर हजर होतो, आणि उशीर झाला तर कारण सांगतो. मी त्यांना मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. ते दोघं मला ‘पावणं’ म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी मुलगी कॉलेजात जायला लागली, तरी मी तिथं पाहुणाच. माझी तक्रार नाही. पाहुण्याला चहा दोनदा मिळतो आणि कुणी कामाला लावत नाही. गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी लावत नव्हतं.

मी सांगलीचा. दिवसा बँकेत बसतो, संध्याकाळी हौशी नाटकात उभा राहतो, आणि लग्नसराईत कुणी हातात माइक दिला तर तो सहसा परत देत नाही. एवढीच माझी पात्रता. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण यंत्रातलं न कळणारा माणूसच गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त बोलतो, आणि त्या हिशेबानं मी अनुभवी आहे.

तर मामांची गाडी. पांढरी, पेट्रोलवर चालणारी आणि कार्बोरेटरची. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला हिच्यात कॉम्प्युटर नाही. झाकणं, स्प्रिंगा आणि रबराच्या बारीक नळ्या बसून आपसात ठरवतात, गावच्या बैठकीसारखं. निवृत्तीनंतर मामांनी ती नवी कोरी घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी ते तिला स्वतःच्या हातानं धुतात. धुताना तिच्याशी बोलतात. मामींशी ते एका वेळी इतकं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

ही गाडी भंगारात जावी अशी माझ्या मेहुण्याची इच्छा होती. मेहुणा मनाचा वाईट नाही. शेतीच्या औजारांचं दुकान आहे, दारात डिझेलची उंच, काळीभोर नवी गाडी आहे, जिच्यात चढायला मामींना पाट लागतो. त्याचं म्हणणं एवढंच, की वडलांनी या वयात हायवेवर जाऊ नये.

“दाजी, उसाच्या डबल ट्रॉल्या चालल्यात,” तो मला बाजूला घेऊन सांगायचा. “मागनं हॉर्न मारला तर ट्रॅक्टरवाल्याला गाण्यात ऐकू येत न्हाई. कवा काय व्हईल सांगता येतंय व्हय? मी हाय की सोडायला. कुठं जायचं ते सांगावं, मी सोडतो.”

तो सोडायचा, हेही खरं. पण केव्हा, ते दुकानावर अवलंबून. दिवाळीच्या आधी मामांची गाडी क्लचप्लेटसाठी गॅरेजात होती आणि त्यांना साताऱ्याला मिलिटरी कँटीनला जायचं होतं. सकाळीच बूट पॉलिश करून, मफलर बांधून, घडी केलेली पिशवी मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले. मेहुणा “आलोच आबा” म्हणून दुकानात गेला होता. त्या दिवशी मी तिथं होतो. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं, अंगणातून गोठ्याच्या पत्र्यावर गेलं. मामा हलले नाहीत. दुपारी मेहुणा धावत आला तेव्हा कँटीन बंद व्हायला आलं होतं. मामांनी पिशवी मामींकडे दिली आणि बुटाच्या नाड्या सोडल्या. कुणाला न विचारता बूट चढवायचे, ही त्यांची सगळी चैन त्या पांढऱ्या गाडीवर उभी होती. हे मला कळलं, मेहुण्याला कळलं नाही, आणि मामा सांगणारे नव्हते.

डिसेंबरात गाडीची पीयूसी संपली. धूर मर्यादेत आहे असं सांगणारा तो कागद आमच्याकडच्या पेट्रोलपंपावर कसा मिळायचा, ते सांगतो. पंपाच्या कोपऱ्यात एक व्हॅन उभी असायची. तुम्ही गाडी लावायची. व्हॅनवाला नंबरप्लेटचा फोटो काढणार, आणि तुमचा धूर मर्यादेत निघणार. धुराला स्वतः हजर राहायची गरज नसे. मशीनला एक लांब नळी असते, ती सायलेन्सरमध्ये घालून धूर तपासायचा असतो, पण त्या नळीला त्रास द्यावा असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण हे काम मेहुणा परस्पर उरकून आणायचा. कँटीनच्या प्रकारानंतर मामांनी त्याला काहीच न सांगायचं ठरवलं आणि स्वतः निघाले. शेजारच्या सीटवर मी.

व्हॅनवाल्यानं फोटो काढला. “झालं काका.”

“काय झालं?”

“पीयूसी.”

“नळी न्हाई घातलीस?”

व्हॅनवाला प्रेमानं हसला. “आवं काका, नळीचं काय हाय आता? फोटोवर निघतंय. सगळं गाव तसंच काढतंय.”

“गावाचं मला सांगू नगंस. नळी घाल.”

मागे रांग होती. नळी हा शब्द कानावर पडताच तिच्यात चुळबुळ सुरू झाली. एक टेम्पोवाला उतरून आला. त्याच्या टेम्पोच्या धुरातून तो कमरेपासून वरचाच दिसत होता. “काका, कशाला पोराला तरास देताय? आमाला पुढं जायचंय.” त्याला उशिराची काळजी नव्हती. एकदा नळी बाहेर निघाली की ती कुणाकुणाच्या मागे लागेल, ही काळजी होती. मामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो टेम्पोत जाऊन बसला आणि काच वर केली.

नळी व्हॅनच्या सीटखाली निघाली, कंपनीनं दिलेल्या प्लॅस्टिकमध्ये. तिच्या तोंडात एका कोळ्याचा संसार होता. त्याला बाहेर काढून नळी सायलेन्सरात गेली, मशीन घरघरलं आणि व्हॅनवाल्याचा चेहरा पडला.

“काका, फेल हाय. लय वर दावतंय.” मग मामांच्या कानाशी, “म्हणून म्हणत हुतो. फोटोवर दिऊ का?”

“फेल म्हंजे फेल,” मामा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मी, मामी, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि भिंतीपलीकडून ऐकणारे शेजारी. “संक्रांतीपातूर गाडी नळी घालून पास झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर भंगारवाल्याला बोलवा. चावी मी माझ्या हातानं दीन.” एवढं बोलून ते आत गेले. मेहुण्यानं खिशातला फोन उगाच चाचपला. भंगारवाल्याचा नंबर त्यानं दिवाळीतच साठवून ठेवला होता.

“दाजी, आता तुमी मधी पडू नगा,” तो मला म्हणाला. “नुसतं गप बसा.”

माझ्या बायकोला इतक्या वर्षांत जे साधलं नाही, ते हा माणूस एका वाक्यात मागत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रींकडे. हायवेच्या कडेला चिंचेखाली त्यांचं गॅरेज आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. मामांची गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली. मिस्त्री इंजिनाला कान लावतात, डोळे मिटतात आणि मग निदान सांगतात, ते सहसा त्यांनी कान लावण्यापूर्वीच ठरवलेलं असतं.

“सुभेदारसाब, चोक पुरा उघडत न्हाई,” ते म्हणाले. “इंजिन थंड असताना चोक पेट्रोल जादा सोडतो. इंजिन तापलं की ह्यो व्हॉल्व उघडतो.” त्यांनी बोट दाखवलं तिथं अंगठ्याएवढी एक पितळी वस्तू इंजिनात रुतून बसली होती, डोक्यावर दोन बारीक नळ्या. “ह्यातनं व्हॅक्यूम पुढं जातो आणि चोकला वढून धरतो. मग पेट्रोल बेतात. तुमचा व्हॉल्व झोपलाय. दुसरं काय न्हाई.”

“व्हॅक्यूम म्हणजे नेमकं?” मी विचारलं.

“इंजिन हवा वढतंय न्हवं? ती वढ. तुमी बशीतला च्या वढताय तसली.”

त्यांनी व्हॉल्व काढला, शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं, व्हॉल्व त्यात बुडवला आणि एक नळी तोंडात धरून फुंकलं. दुसऱ्या नळीतून हवा फुस्सकन बाहेर आली.

“चांगला हाय की!” मिस्त्री आनंदानं ओरडले.

“आत्ता तर झोपलाय म्हणालास,” मामा म्हणाले.

“गरम पाण्यात जागा झाला. असतंय एकेकाचं.”

जागा झालेला व्हॉल्व परत बसवून आम्ही पंपावर गेलो. मशीननं पुन्हा तोच निकाल दिला.

मामांचा मिस्त्रींवरचा विश्वास उडाला नाही, पण त्यांच्या पद्धतीवरचा उडाला. चहाच्या गाड्यावर घाईघाईत, साक्षीदाराशिवाय केलेल्या प्रकाराला चाचणी म्हणत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. चाचणी घरी होणार होती.

रविवारी अंगणात गॅसची शेगडी मांडली. पातेल्यावरून मामींनी रण माजवलं. “आवं, त्यात मी दूध तापवती. इंजनातलं कायबी त्यात घालायचं न्हाई.”

“धुतलाय. माझ्या अंगाच्या साबणानं धुतलाय.”

“मग तर बघायलाच नगं.”

पातेलं शेवटी आलं. शेजारच्या डेअरीवाल्याकडून दुधाचा थर्मामीटर आला आणि तो दोऱ्यानं पाण्यात सोडला. व्हॉल्व पाण्यात. त्याची एक नळी पातेल्याच्या तळाशी, दुसरी माझ्या तोंडात. फुंकायला मीच, कारण मामांचा दम पुरत नव्हता आणि मेहुणा विरोधी पक्षात होता. भिंतीवर शेजारपाजार बसला होता, दोन बायका निवडायची सुपं घेऊन आल्या होत्या. एवढा प्रेक्षक समोर, आणि मी नळी नुसती तोंडात घालू? मी ती हातात धरली, घसा साफ केला. “उपस्थित मान्यवर आणि रसिक...”

“पावणं, भाषाण नगं. फुका.”

पाणी थंड होतं. मी फुंकलं. गाल फुगले, कान बंद झाले, नळीच्या दुसऱ्या टोकाला बुडबुडासुद्धा नाही. “दाजींचं डोळं बाहीर आलं बघा,” भिंतीवरून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. मामांनी हात वर केला: थंड असताना बंद, बरोबर. मग शेगडी पेटली. मामा थर्मामीटर वाचत होते, मी फुंकत होतो, फुंकता फुंकता चेहऱ्यावर भाव दाखवत होतो. मागच्या रांगेतल्यांना कळायला नको? पाण्याला वाफ यायला लागली आणि अचानक, कुणी आतून कडी काढावी तसा, अडथळा गेला. माझा सगळा श्वास पातेल्यात धावला आणि असा काही बुडबुड्यांचा कल्लोळ उठला की मामींनी पदर तोंडाला लावला. टाळ्या पडल्या. मी वाकून अभिवादन केलं, तोंडातली नळी न काढता.

मामांनी गार पाणी ओतून पुन्हा घेतलं. पुन्हा बंद. पुन्हा तापवलं, पुन्हा उघडा. मला घेरी यायला लागली तेव्हा त्यांनी निकाल दिला. व्हॉल्व निर्दोष.

“मग गाडी फेल का?” मामींनी विचारलं.

भिंतीवरची मंडळी हळूच उठून गेली.

राहता राहिली सांगली. माझ्या गावात काचेच्या भिंतींचं एक वर्कशॉप आहे. तिथं गाडीपेक्षा फरशी चकचकीत असते आणि आल्याबरोबर कॉफी देतात, त्यामुळे मी तिथं अधूनमधून गाडी नसतानाही जातो. मामांना घेऊन गेलो. टाय लावलेला एक गृहस्थ टॅब घेऊन आला आणि गाडीभोवती फिरला.

“सर, हिचा पोर्ट कुठाय? स्कॅनर लावायला?”

“पोर्ट नाही हिला,” मी म्हणालो.

“मग फॉल्ट कसा समजणार?”

“मी सांगतो की,” मामा म्हणाले. “मला बोलता येतं.”

तसा पर्याय टॅबवर नव्हता. गाडीनं स्वतः तक्रार केल्याशिवाय त्यांच्याकडे नोंद होत नव्हती आणि आमची गाडी जुन्या वळणाची, परक्यापुढे तोंड न उघडणारी. शेवटी आतून एक मेकॅनिक हवा ओढायचा छोटा हातपंप घेऊन आले. त्याला घड्याळासारखा काटा होता. त्यांनी व्हॉल्वला तो पंप जोडला, गरम हवेचा फवारा मारला, काटा बघितला. थंड असताना बंद, तापल्यावर उघडा. माझ्या फुंकण्याचाच निकाल, फक्त इथं टाळ्या नव्हत्या. “व्हॉल्व ओके,” म्हणून त्यांनी तो जागच्या जागी बसवून दिला.

टायवाले गृहस्थ अदबीनं पुढे आले. “सर, एक्स्चेंज ऑफर दाखवू का? या मॉडेलला आता काही अर्थ नाही.”

मामांनी कॉफीचा कप ट्रेमध्ये ठेवला. आवाजही न करता, अगदी व्यवस्थित. “न्हाई,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर कराड ओलांडल्यावर मामांनी बोटानं डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर टिचकी मारली. “बघा पावणं. सांगली सोडल्यापास्नं काटा हाललाय का? घाटात बी हालत न्हाई. इतकी वर्सं झाली, गाडी तापली म्हणून कवा रस्त्याकडंला हुबी केली न्हाई. थंडगार. आणि असल्या इंजिनाला फेल म्हणत्यात.”

काटा तळाशी पडून होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे अभिमानानं बघितलं. वाचकांत कुणी मेकॅनिक असतील तर त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. त्यांना विनंती, की जरा धीर धरावा. आम्हाला कळायला एक मांजर लागलं.

घरी पोचलो तेव्हा मेहुण्याची काळी गाडीही नुकतीच येऊन थांबली होती. मामी ओट्यावर तीळ निवडत होत्या. थंडी मी म्हणत होती. घरचं मांजर कुठूनसं आलं, आमच्या बॉनेटवर चढलं, पायांनी चाचपलं, तोंड वाकडं करून उतरलं आणि मेहुण्याच्या बॉनेटवर जाऊन गुंडाळी करून बसलं.

“बघा,” मामी म्हणाल्या. “सांगलीवरनं दौडत आलीया, पर मांजर बी बसंना तुमच्या गाडीवर. रोजचं हाय. त्याला बी कळतंय कुठल्या गाडीत राम हाय.”

मामांना ते लागलं. पण माझ्या डोक्यात काहीतरी वाजलं. मी आमच्या बॉनेटवर तळवा ठेवला. कपात विसरून राहिलेल्या चहासारखं कोमट. दुसरा हात मेहुण्याच्या बॉनेटवर ठेवला आणि तो शेकोटीपुढे धरल्यासारखा शेकून निघाला. मांजर माझ्याकडे संशयानं बघत होतं. असा प्रसंग नटाच्या आयुष्यात नेहमी येत नाही. मी दोन गाड्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि आवाज लावला.

“मामा! व्हॉल्व कशानं उघडतो?”

“इंजिन तापल्यावर.”

“आणि आपलं इंजिन?”

“आपलं कवाच तापत...” मामा छाती काढून म्हणाले, आणि वाक्याच्या मध्येच त्यांची छाती जागेवर आली.

सकाळी आम्ही मिस्त्रींच्या चिंचेखाली. मिस्त्री कानटोपी घालून शेकोटीपुढे हात चोळत बसले होते.

“मिस्त्री, इंजिन तापत का न्हाई?” मामांनी विचारलं.

“तापंल कसं? थर्मोस्टॅट काढलाय की.”

“कुणी?”

“मीच. नवी घिऊन आलासा तवा, पयल्या सर्व्हिसिंगला.”

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं एक लहानसं दार. इंजिन नीट तापेपर्यंत ते बंद राहतं आणि मग उघडून गरम पाणी रेडिएटरकडे सोडतं. दारच नसलं की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन येतं, हिवाळ्यात तर इंजिनाला ऊब म्हणून धरतच नाही. आमचा व्हॉल्व इतकी वर्षं उघडायला तयार बसला होता. उकळत्या पातेल्यात, फवाऱ्यात, जिथं जिथं ऊब मिळाली तिथं उघडला होता. फक्त गाडीत त्याला कुणी ऊब दिली नव्हती.

“काढायचं कारण?” मामांचा आवाज फार शांत होता.

“आवं, परदेशी सामान हाय ते,” मिस्त्री शेकोटीत एक काटकी सरकवत म्हणाले. “तिकडं बरफ पडतो. आपल्याकडं हवाच गरम. ते दार अडाकलं की इंजिन जाम. म्हणून गाडी आली की मी पयला त्योच काढतो. माझा बाप बी काढायचा. आता हितनं कराडापातूर कुणाच्या गाडीत घावणार न्हाई तुमाला.”

देवीच्या रोगाचं निर्मूलन झालं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असंच समाधान असणार. मला राहवलं नाही. “मग एवढे काढलेले थर्मोस्टॅट गेले कुठं?”

मिस्त्री आत गेले आणि ऑइलचा एक मोठा डबा फरफटत बाहेर आणला. झाकण काढलं. आत काठोकाठ थर्मोस्टॅट. जुने, नवे, गंजलेले, चकचकीत. अख्ख्या पंचक्रोशीची ऊब त्या डब्यात गार होऊन पडली होती.

“चांगलं पितळ हाय, टाकवत न्हाई,” मिस्त्री म्हणाले आणि बाया बांगड्या भरताना बघतात तसे एकेक उचलून भोकाला लावून बघायला लागले. “कुठला पायजे? ह्यो घ्या. ह्यो बसतोय.”

“ह्याची बी चाचणी व्हणार,” मामा म्हणाले.

मामींनी पातेलं माळ्यावर टाकल्याची बातमी माझ्याकडे होती, म्हणून ती चाचणी चहावाल्याच्या भांड्यात उरकली. उकळत्या पाण्यात थर्मोस्टॅटनं जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. चहावाला म्हणाला, आता या भांड्यातला चहा तुम्हीच प्यायचा. आम्ही प्यालो.

दार बसवून गाडी चालू केली. आम्ही तिघं डॅशबोर्डपुढे वाकलो. काटा हलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तळ सोडून वर निघाला.

“बंद कर! तापली!” मामा ओरडले.

“तापू द्या, सुभेदारसाब.”

“आरं, वर चाललाय काटा!”

“वरच जायाचा असतोय त्यो,” असं मिस्त्री म्हणाले खरं, पण त्यांचाही एक हात चावीवर होता. मी मामांना धरून ठेवलं. काटा मध्यावर आला आणि थांबला. त्याच वेळी इंजिनाचा आवाज बदलला. आजवरची धापा टाकल्यासारखी घरघर उतरली आणि गाडी हलक्या, एकसारख्या सुरात चालायला लागली. मिस्त्रींनी कान लावला, डोळे मिटले. “चोक पुरा उघडला,” ते म्हणाले, आणि डब्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

भोगीच्या दिवशी आम्ही पंपावर गेलो. मेहुणाही आपल्या काळ्या गाडीतून मागोमाग आला. निकाल ऐकायला, फोन हातात ठेवून. मामांना बघताच व्हॅनवाल्यानं न सांगता सीटखाली हात घातला. रांगेतला एक जण म्हणाला, “आलं, नळीवालं काका आलं.” नळी सायलेन्सरात गेली. मशीन घरघरायला लागलं. मामा सावधानमध्ये उभे होते, नजर समोर, मुठी विजारीच्या शिवणीला. मी कितीतरी नाटकांत अशा क्षणी विंगेत उभा राहिलोय, पण इथं प्रॉम्प्टरही नव्हता.

“काका,” व्हॅनवाला म्हणाला, “पास.”

“परत घाल.”

“मामा, पास म्हणाला तो!” मी कळवळलो.

“फेल झाल्यावर परत बघितलं न्हवं? मग पास झाल्यावर बी बघायचं.”

पुन्हा घातली. पुन्हा पास. मामांनी कागद घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि खिशात ठेवला. मग वळले. समोर काळी गाडी होती.

“तुझी कवा काढलीस?”

“गेल्या महिन्यात, आबा.”

“नळी घालून?”

मेहुण्यानं हातातला फोन खिशात घातला. व्हॅनवाला आभाळात काहीतरी शोधायला लागला.

“आन हिकडं. नळी हाय हितंच.”

“आबा, दुकानात माणूस यिऊन थांबलाय,” म्हणत मेहुण्यानं गाडी मागे घेतली, ती थेट हायवेला लावली. त्याच्या पाठोपाठ टेम्पोवाल्याला आठवलं की त्याला उंब्रजला भाडं आहे. मग एका जीपवाल्याला आठवलं. बघता बघता रांग विरघळली, आणि मी शपथेवर सांगतो, पंपावरची हवा कित्येक वर्षांत इतकी स्वच्छ कधी झाली नव्हती. पीयूसीचं काम पहिल्यांदाच फत्ते झालं होतं.

भंगारवाल्याचं नाव त्यानंतर त्या घरात कुणी काढलं नाही.

आम्ही गाडीत बसलो. मामांनी ती गावाच्या उलट दिशेला वळवली.

“मामा, घर मागं राहिलं.”

“सांगलीला जाऊ या. तुमची गाडी तिथंच हाय न्हवं?”

“आहे.”

“तिची पीयूसी कवा काढली?”

मी सूत्रसंचालक माणूस. मी लगेच उसाच्या भावाचा विषय काढला. मामांनी माझ्याकडे बघितलं, गाडी थांबवली, काच खाली केली आणि व्हॅनवाल्याला हाक मारली. “ये रं! ती नळी दे जरा. संध्याकाळी आणून देतो.”

“काका, नुसती नळी काय करणार? मशीन लागतंय.”

“मग व्हॅन घिऊन ये मागनं.”

पलटणी हलवलेल्या आवाजापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार? तसंही गिऱ्हाईक कुणी उरलं नव्हतं. त्यानं व्हॅन सुरू केली. आम्ही हायवेला लागलो, पुढे आम्ही, मागे ती. मी मनातल्या मनात बायकोला फोन करून गाडी शेजाऱ्याकडे लपवायला सांगत होतो, तेवढ्यात मामांनी आरशात बघितलं. मी मान वळवली. व्हॅनच्या मागून काळ्या धुराचा असा लोट उठत होता, की तिच्यामागचा उसाचा ट्रॅक्टर दिसेनासा झाला होता, फक्त त्याची गाणी ऐकू येत होती.

मामांनी गाडी कडेला घेतली, हात दाखवून व्हॅन थांबवली आणि खाली उतरले.